माझी टाच, तुझा निष्कर्ष

अनघा, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. तुझ्या नवऱ्यानं, निखिलनं दोनदा खूण केली, तुझ्या आईनं, काकूंनी मान वळवून बघितलं, पण मी मागच्या रांगेत खांबाला टेकून बसून राहिले. पुढं येऊन बोलणाऱ्यांनी तुझ्याबद्दल काय काय सांगितलं. कुणी म्हणालं, तिनं या शहराला नाच बघायला शिकवलं. कुणी म्हणालं, तिनं आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही. हे ऐकलं आणि मी चपला शोधायला उठले. बाहेर दारापाशी फ्लेक्सवर तूच होतीस, हात छातीशी धरून, ओठ किंचित मिटून. मी रिक्षा केली आणि घरी आले.

लोकांना वाटलं असेल, जवळची मैत्रीण, रडू आवरेना म्हणून गेली. वाटू दे. मला रडू आलं नव्हतं, राग आला होता. तो अजून आहे, आणि तू गेलीस म्हणून तो कमी व्हायला तयार नाही. उलट आता भांडायला समोर कुणी नाही, याचाच जास्त राग येतो.

तू मला काय दिलंस ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील, उज्जू नेहमी अर्धंच सांगते.

कथकच्या एम.ए.च्या पहिल्या महिन्यात मॅडमनी बोल म्हणून दाखवले, तेव्हा मी वर्गात म्हणाले होते, "मॅडमनी लई भारी पढंत केली." सगळा वर्ग हसला. मी करमाडची. शिकायला चिकलठाण्याला मावशीकडं राहिले, तिथल्या एका बाईंकडं कथक शिकले, पण बोलणं घरचंच राहिलं. तू हसली नाहीस. वही उचलून माझ्याशेजारी येऊन बसलीस आणि दोन वर्षं तिथून हलली नाहीस. तुमचं घर समर्थनगरात, आजोबांपासून सगळे नोकरदार, भिंतभर पुस्तकं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं तरी काकू मला कधी जेवल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं तू वाचायचीस आणि मला मराठीत समजावून सांगायचीस. तोंडी परीक्षेत कसं बोलायचं हेही तूच शिकवलंस. आरशासमोर उभं करून म्हणायचीस, "'नाय' नाही, 'नाही' म्हण. आणि खाली बघू नकोस." मी 'नाही' म्हणायला शिकले. शिकले म्हणजे, उच्चार शिकले.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीनं स्वतःची एक रचना बसवायची होती. आधी ती नाचायची आणि मग नाचताना काय कळलं ते शोधनिबंधात लिहायचं. इतर मुलींनी नायिका घेतल्या, ऋतू घेतले. तू जमीन घेतलीस. एकच रचना तीन ठिकाणी करायची, कॉलेजच्या लाकडी रंगमंचावर, मातीच्या खळ्यावर आणि नव्या इमारतीच्या स्लॅबवर. पायाखालची जमीन बदलली की नाचणारीच्या अंगात काय बदलतं, हे बघायचं. शहर जालना रोडनं पसरत चाललं होतं, अंगणं जात होती, पुढच्या मुली सिमेंटवरच नाचणार होत्या. प्रश्न चांगला होता. मी आजही तसंच म्हणते.

रचना दोघींची होती, म्हणून तुला जोडीदारीण हवी होती. तू मला विचारलंही नाहीस. मॅडमना परस्पर सांगून टाकलंस की उज्ज्वला आहे. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

माझा विषय पंचमीचे फेर होता. आमच्याकडं बायका नागपंचमीला गोल धरून नाचतात, पुढं वाकून, एकमेकींच्या पाठीवरून हात टाकून. आईला त्यातले कितीतरी प्रकार यायचे. त्या फेरातलं वजन पायातून पायात कसं जातं, ते कथकच्या शेजारी ठेवून बघायचं होतं. माझी परीक्षा तुझ्यानंतर दोन महिन्यांनी होती. आधी तुझं होऊ दे, असं मीच म्हणाले होते.

खळ्याचं आठवतं तुला? पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. ज्वारी आलीच नाही, त्यामुळं खळंही कुणी केलं नव्हतं. तुला चोपून सारवलेली जमीन हवी होती आणि सारवायला पाणी लागतं. आमच्या करमाडला टँकर यायचा. मी तुला म्हणाले, हे माझ्यानं आईकडं मागवणार नाही. तूच मागितलंस. ओट्यावर बसून तिला सगळा विषय समजावून सांगितलास. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाचाला पाणी लागतं व्हय? घ्या मग. जनावरं छावणीत गेलीत, त्यांच्या वाटचं हाये."

दोन दिवस आईनं धुण्याचं, आंघोळीचं पाणी साठवलं. माझ्या वडिलांनी, दादांनी कारखान्यातली पाळी बदलून जमीन चोपली. आईनं आणि चुलतीनं सारवली. संध्याकाळी आपण नाचलो. आवाज आठवतो का तुला? पायांचा ततकार घ्यायला लागलो की लाकडावर पाय टणटणतो, इथं नुसता धप्प व्हायचा. घुंगरांचा आवाज मातीनं अर्धा पिऊन टाकला होता. तू थांबलीस आणि म्हणालीस, "उज्जू, ही जमीन आपलं ऐकतेय." शेजारच्या बायका कुडाजवळ उभ्या होत्या. नाच संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी पुढं आली आणि तुझ्या पायाची माती स्वतःच्या पदरानं पुसली. त्या रात्री तू आमच्या घरी झोपलीस, आईच्या शेजारी. मला वाटलं, मला बहीण मिळाली. तेवढी संध्याकाळ मी तुझ्याकडून कधी परत मागणार नाही.

स्लॅब तुझ्या मामांचा होता. चिकलठाण्याला विमानतळाच्या अलीकडं त्यांची इमारत चढत होती. तिसऱ्या मजल्याला भिंती नव्हत्या, नुसते खांब. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आपण तिथं सराव करायचो. वारा लागायचा आणि खाली दूरवर वाळलेली शेतं दिसायची, त्यांत प्लॉट पाडलेले पांढरे दगड. तिसऱ्या आठवड्यात माझी डावी टाच दुखायला लागली. मी सांगितलं. तू म्हणालीस, मलाही दुखतंय, तेच तर आपल्याला बघायचंय. मी पुन्हा सांगितलं. तू मला कुठं दुखतं, कसं दुखतं, जिना उतरताना दुखतं का, असं विचारत राहिलीस. मला वाटलं, काळजीनं विचारतेस.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हाडाला बारीक चीर आहे, दीड महिना पाय टेकवायचा नाही. तुझं सादरीकरण पुढच्या आठवड्यात होतं. मी तुला म्हणाले, मी नाचणार नाही, दुसरी कुणी बघ. मॅडमही म्हणाल्या, रचना एकटीनं कर किंवा तारीख पुढं घेऊ. मग म्हणाल्या, तुम्ही दोघी ठरवा. मोठ्या माणसांना अशी वाक्यं बरी सुचतात.

तू मावशीच्या घरी आलीस. मी पलंगावर, पाय उशीवर. तू खाली जमिनीवर बसलीस आणि रडलीस. तुझं म्हणणं असं की, एकटीनं केलं तर तुलनाच उरत नाही, दोघी नसतील तर तिन्ही जागा वाया. तारीख पुढं गेली तर शिष्यवृत्तीची मुदत जाते. तुझं वर्ष जाईल, आणि माझ्या परीक्षेला तर दोन महिने आहेत, तोवर हाड भरून येईल. मी नको म्हणत राहिले. तू शिकवलेल्या उच्चारात, खाली न बघता. शेवटी तू म्हणालीस, "खळ्यासाठी तुझ्या आईनं जनावरांचं पाणी दिलं. आणि तू?"

माझ्या आईचं पाणी तू माझ्याच अंगावर टाकलंस. ते वाक्य मी अजून विसरले नाही.

मी नाचले. टाचेला पट्टी बांधून, वेदनेची गोळी घेऊन. परीक्षक खुर्च्यांवर बसले होते, तिसऱ्या मजल्यावर, डोक्याला ऊन लागू नये म्हणून वर हिरवी जाळी बांधलेली. मला त्या नाचातलं काही आठवत नाही. लोक म्हणतात, दोघी सुंदर नाचलात. शेवटच्या चकरीनंतर मी खांबाला धरून उभी राहिले आणि तू नमस्कार केलास. मामांच्या गाडीतून मला घरी सोडलं. ती इमारत आता पुरी झाली, बाल्कन्यांत कपडे वाळत असतात. मी शिकवते त्या शाळेतून येताना रोज तिच्यासमोरून येते. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी फरशी घालून, वर गालिचा टाकून टीव्ही बघत असेल.

दुसऱ्या दिवशी तुझी तोंडी परीक्षा होती. सहनर्तिका म्हणून मलाही आत बोलावलं. मी कुबडी भिंतीला टेकवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. तू निष्कर्ष वाचायला घेतलास. लाकडाबद्दल वाचलंस, मातीबद्दल वाचलंस. मग वाचलंस, काँक्रीटवरच्या सरावात सहनर्तिकेच्या टाचेला इजा झाली, जमीन शरीराला उत्तर देते या मांडणीला त्यातून पुष्टी मिळते.

माझं नावही नव्हतं. तू मला जिन्याबद्दल का विचारत होतीस, ते तेव्हा कळलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, स्वतः नाचलेल्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हिला इजा झालेली माहीत असताना तुम्ही हिला नाचवलंत?"

तू क्षणभरही थांबली नाहीस. "आमचं आधीच ठरलं होतं. असं होऊ शकतं हे तिला माहीत होतं. तिची तयारी होती."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "खरं का हे?"

"हो," मी म्हणाले.

तोंडी परीक्षेसाठी तू मला दोन वर्षं बोलायला शिकवलंस आणि तुझ्या परीक्षेत मी एवढा एकच शब्द बोलले.

तू पहिली आलीस. माझ्या परीक्षेच्या वेळी हाड भरलं नव्हतं. गावाकडच्या बायकांना आणून फेर दाखवावा म्हटलं, तर त्या दिवशी टँकर येणार होता, कुणाला घर सोडता येईना. मी खुर्चीवर बसून हातांनी फेर दाखवला. टेबलावर बोटांनी पावलं टाकली. परीक्षक भले होते, हसले नाहीत. पास केलं. पुढं संशोधनाला कुठंच जागा मिळाली नाही, सादरीकरणाचे गुणच नव्हते. दादा म्हणाले, झालं ना शिक्षण. लग्न झालं. मी चिकलठाण्याच्या शाळेत लागले. आता गॅदरिंगला पोरांचे नाच बसवते, स्वतः उभी राहून तोंडानं बोल म्हणत. थंडीत टाच अजून धरते. आई दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तिचे फेर नीट बघून ठेवायचे राहिले ते राहिलेच.

तुझ्याशी बोलणं मी तोडलं नाही. का नाही तोडलं, ते मलाही सांगता येत नाही. तू मला दर दिवाळीला साडी आणायचीस. माझ्या बाळंतपणात काकूंनी डिंकाचे लाडू पाठवले. तू क्लास काढलास तेव्हा खाली लाकडी तक्तपोशी घातलीस, तिच्याखाली रबर, आणि उद्घाटनाला पालकांना सांगितलंस, सिमेंटवर मुलींना नाचवू नका, हे मी अनुभवानं शिकले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. कुणाच्या अनुभवानं, असं विचारायला हवं होतं.

विचारलं ते एकदाच. तू क्लासच्या मुलींची सहल दौलताबादला नेलीस, मला सोबत म्हणून घेतलंस. किल्ला मला चढवेना. मी खाली पेरूवाल्यांच्या शेजारी सावलीत बसले. तू उतरून आलीस, घामेजलेली, खूश. माझ्या हातातल्या पेरूची फोड घेतलीस आणि म्हणालीस, "वरून काय दिसतं गं, तू यायला हवं होतंस." मी म्हणाले, "तू तेव्हा खोटं बोललीस." कशाबद्दल, ते तू विचारलं नाहीस. म्हणजे तुझ्याही मनात ते रोज होतं. पेरू खाऊन झाल्यावर म्हणालीस, "तू हो म्हणालीस. मग खोटं कुणाचं?" मुली आल्या, बस आली, आपण शेजारी शेजारी बसून परत आलो. तो वाद तिथंच राहिला. तू पुढं दोन वर्षं जगलीस आणि त्यातलं एक वर्ष दवाखान्यात काढलंस, पण आपण त्या वाक्यावर परत गेलो नाही. फक्त एकदा गेलो.

ते शेवटून दुसऱ्या भेटीत. निखिल औषधं आणायला गेला होता. तुझे पाय सुजले होते, इतके की घोटे दिसत नव्हते. मी चादर सारखी करत होते. तू डोळे मिटलेले ठेवूनच विचारलंस, "उज्जू, तू हो का म्हणालीस?"

मला वाटलं होतं, तू माफी मागशील. इतक्या वर्षांनी, सुजलेल्या पायांनी, तरी उत्तर तू माझ्याकडूनच मागितलंस. मी म्हणाले, चहा घेऊन येते. चहा प्यायले, दवाखान्यासमोरच्या टपरीवर उभी राहून, आणि वर आले तेव्हा तू झोपली होतीस. त्यानंतरच्या भेटीत तू बोलत नव्हतीस.

तेराव्यानंतर निखिलचा फोन आला. मुलींची परीक्षा तोंडावर आहे, पालक विचारतायत, थोडे दिवस क्लास बघशील का. नाही म्हणणार होते. पण मुलींची परीक्षा होती, म्हणून गेले. काल दुसरा दिवस. मुली तुझ्या फोटोकडं न बघता घुंगरू बांधत होत्या. मी बसूनच बोल म्हणत होते. सातवीतली एक मुलगी ततकार मधेच सोडून बाजूला जाऊन बसली. मी विचारलं, काय गं. ती म्हणाली, पाय दुखतोय. एवढं सहज म्हणाली की मी बघतच राहिले. बाकीच्या नाचत राहिल्या, कुणी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. मी म्हणाले, अगं विचारायचं तरी. ती म्हणाली, "ताईंनी सांगितलंय, दुखलं की विचारायचं नाही, थांबायचं. न सांगता नाचलं तर ताई घरी पाठवायच्या." दुसरी म्हणाली, मागच्या वर्षी कार्यक्रमाच्या दिवशी एकीचा घोटा दुखत होता, तर ताईंनी तो नाचच काढून टाकला. तिची आई भांडायला आली, तरी ऐकलं नाही.

मी तास संपवला, मुली गेल्या, आणि तुझ्या त्या तक्तपोशीवर मी बसले. मग मला रडू आलं. शोकसभेत यायला हवं होतं ते काल आलं, आणि त्यातही राग होताच. इतक्या मुलींना सांगितलंस. त्यांच्या आयांशी भांडलीस. समर्थनगरातून चिकलठाणा किती लांब होतं गं? मला एकदा सांगायला काय झालं होतं?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चहाच्या नावानं पळाले होते, ते आज देते.

मी घाबरून हो म्हणाले नाही. गावाकडची म्हणून दबून म्हणाले नाही. काकूंनी वाढलेल्या जेवणाला जागले, असंही नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. तू कागद छातीशी घट्ट धरला होतास. मी नाही म्हणाले असते, तर तुझं सगळं तिथंच संपलं असतं. मी मनात म्हणाले, आता वाचवू, मग बाहेर जाऊन हिला धरून विचारू. तीही बाहेर येऊन आपल्याला धरेल. म्हणेल, उज्जू, मी खोटं बोलले. मी म्हणेन, लई वाईट आहेस तू. आणि ते तिथंच मिटेल.

मी आधी बाहेर आले. कुबडी घेऊन, व्हरांड्यातल्या बाकापर्यंत. बाक रिकामा होता पण मी बसले नाही, तू येशील तेव्हा उभं असावं म्हणून. बराच वेळ गेला. मग दार उघडलं. तू आलीस, लाल झालेली, केस मागे सारत, आणि माझा हात धरलास.

"कशी झाली गं?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "छान झाली."